प्रेझेंटेशनचा शेवट कसा करायचा? माझा दर वेळी फुसका होतो

पहिली_पाळी

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमधे क्वालिटीला आहे, पाच वर्षं झाली. येत्या गुरुवारी पुण्याहून कस्टमरची टीम येतेय, सहा जण, आणि परत मलाच पीपीटी द्यायचीये. विषय तोच, एका ब्रॅकेटचं रिजेक्शन कसं कमी केलं आणि पुढे काय करायचंय.

सुरुवात माझी बरी होते, मधलं तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन कारण काम मीच केलंय. घोळ होतो तो शेवटी. मागच्या वेळचं सांगतो म्हणजे कळेल. वीस मिनिटं बोललो, सगळे नीट ऐकत होते, माना डोलत होत्या. मग शेवटची स्लाइड आली, थँक यू, खाली गुलाबाचं फूल (फूल मी नाही टाकलं, ते आमच्या जुन्या टेम्प्लेटमधेच आहे आणि काढायची कोणाची हिंमत होत नाही). आणि मी काय बोललो तर "तर... असं आहे सगळं. बस, एवढंच होतं माझ्याकडून." शांतता. मी घाबरून अजून एकदा क्लिक केलं तर स्क्रीन काळी झाली, परत क्लिक केलं तर पीपीटीच बंद, गडबडीत ती विंडो पण मिनिमाइज झाली आणि समोर डेस्कटॉप, मुलीच्या वाढदिवसाचा फोटो आणि बाजूला फाइल "फायनल_फायनल_आता_खरंच_फायनल". हसले सगळे, तिथवर ठीक होतं. पण मग त्यांच्यातल्या एकाने मार्चमधली जुनी कंप्लेंट उकरून काढली, पार्टच वेगळा होता तो, त्यावर पंधरा मिनिटं गेली, तेवढ्यात चहा आला, आणि चहाबरोबर मीटिंग संपली. नवीन फिक्स्चरचं (मशीनवर पार्ट जागेवर पकडून ठेवतं ते) जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. आमचे साहेब नंतर म्हणाले छान झालं. काय छान झालं राव.

तर प्रश्न असे की थँक यू स्लाइड ठेवायची का, प्रश्न शेवटी घ्यायचे की आधी, आणि शेवटचं वाक्य पाठ करून जायचं का? पाठ केलं की मला शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं वाटतं. अजून एक, सहातले चार मराठी आहेत, एक हिंदीवाले आणि एक चेन्नईचे, त्यामुळे बोलणं इंग्रजीत असतं आणि शेवटी दमल्यावर माझी इंग्रजी पण दमते.

सिडको_मास्तर

दादा, एवढं सगळं लिहिलंत पण त्या सहा जणांकडून तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते एकदाही लिहिलं नाहीये. "फिक्स्चरचं बोलायचं होतं" म्हणजे काय? पैसे पाहिजेत? परवानगी पाहिजे? नुसतं त्यांना माहीत असावं? तुमचं तुम्हालाच ठरलेलं नसेल तर "असं आहे सगळं" सोडून दुसरं काय निघणार तोंडातून.

मी इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतो, दर वर्षी फायनल इयरचे सेमिनार ऐकून ऐकून कान पिकलेत. सगळ्यांचा शेवट डिट्टो सेम, कन्क्लूजन, मग फ्यूचर स्कोप, मग रेफरन्सेसची बारीक अक्षरातली स्लाइड जी कोणी वाचत नाही, मग थँक यू आणि बारीक आवाजात "एनी क्वेश्चन्स सर?", मनात देवाचा धावा की कोणी काही विचारू नये. त्यांचं ठीक आहे, त्यांना मार्क पाहिजेत आणि मार्क आम्ही देतोच. तुमचं तसं नाही.

मी पोरांना एक गोष्ट करायला लावतो. पीपीटी उघडायच्या आधी कागदावर लिहा, ही माणसं परत जाताना गाडीत बसून एकमेकांशी तुमच्याबद्दल काय बोलली पाहिजेत. एक वाक्य. ते सापडलं की तुमचा शेवट सापडला, आणि मग पुढच्या अर्ध्या स्लाइड आपोआप उडतात कारण त्या वाक्याशी त्यांचं देणंघेणं नसतं.

प्रॅक्टिस उलटीकडून करा. आपण काय करतो, रात्री नऊला पहिल्या स्लाइडपासून सुरू करतो, सातव्या स्लाइडला घरचे जेवायला हाक मारतात, परत बसलो की परत पहिल्यापासून. म्हणजे सुरुवात दहादा होते आणि शेवट एकदाही नाही. शेवटची दोन मिनिटं उभं राहून मोठ्याने म्हणा, सात आठ वेळा. शब्द न् शब्द पाठ नको, पण पहिलं आणि शेवटचं वाक्य तरी पक्कं पाहिजे, मधे काही का होईना.

आणि प्रश्न आधी घ्या. पंचवीस मिनिटं असतील तर सतराव्या अठराव्या मिनिटाला थांबा आणि सांगून टाका, "शेवटची दोन मिनिटं मी माझ्यासाठी ठेवलीत, त्याआधी प्रश्न घेऊ." नाहीतर तुमच्या मीटिंगचा शेवट शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस करतो. मागच्या वेळी तेच झालं तुमचं.

गोदाकाठची

मास्तरांशी सहमत. मी ऑफिसवाली नाही पण हा विषय आमच्या घरातला आहे. माझे आजोबा कीर्तनकार होते, पंचवटीत वाढलेय मी, लहानपणी त्यांच्या मागे टाळ घेऊन उभी राहायचे.

नारदीय कीर्तन बघा कसं असतं. आधी नमन, मग पूर्वरंग, त्यात एक अभंग किंवा पद घेतात आणि त्याचं निरूपण करतात. मग मधे बुवांना हार बुक्का होतो. मग उत्तररंग, त्यात आख्यान, म्हणजे गोष्ट, हरिश्चंद्राची म्हणा, एखाद्या संताची म्हणा. गोष्ट अगदी रंगात येते, बायका डोळे पुसत असतात, आणि तिथून बुवा हळूच परत त्याच पूर्वरंगातल्या अभंगावर येतात. तोच अभंग, तेच शब्द, पण तासाभरापूर्वी ऐकला तेव्हा नुसते शब्द होते आणि आता त्यात अख्खी गोष्ट भरलेली असते. मग भैरवी, आरती, संपलं. आजोबा म्हणायचे शेवटाला नवीन काही आणायचं नाही, पाहुणा निघाला की त्याला नवीन पदार्थ वाढतात का.

तुमच्याकडे तो अभंग म्हणजे तुमचा पार्ट आहे की. सुरुवातीला खराब ब्रॅकेट त्यांच्या हातात द्या, फिरू द्या सहा जणांत. मग तुमचं निरूपण आख्यान जे काय असेल ते. शेवटी चांगला ब्रॅकेट द्या. ज्या माणसाने खराब हातात धरला होता त्यालाच द्या. मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही पण हे चालेल असं वाटतं.

अजून एक, "आता शेवटचा मुद्दा सांगतो" हे एकदाच म्हणायचं आणि म्हटलं की खरंच संपवायचं. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, एका वर्षी एका वक्त्यांनी हे तीनदा म्हटलं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा लोकांनी चपला शोधल्या, दुसऱ्यांदा घातल्या, तिसऱ्यांदा ऐकायला आमच्या पुढच्या दोन रांगाच नव्हत्या. भाषण चांगलं होतं हो.

पहिली_पाळी

मास्तर, बरोबर पकडलंत. खरं सांगतो, रात्री कागद घेऊन बसलो तर अर्धा तास वाक्यच निघेना. आता निघालंय. दोन गोष्टी पाहिजेत, एक म्हणजे पाचशे नगांच्या ट्रायल लॉटला परवानगी, दुसरी नव्या फिक्स्चरच्या खर्चात निम्मा वाटा. कारण असं की जुन्या फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजते, पिन झिजली की पार्ट नीट बसत नाही, मग होल जागेवरून सरकतं. आम्ही सध्या पिन ठरावीक नगांनंतर बदलतो, रिजेक्शन आलंय खाली, पण ही मलमपट्टी आहे.

आजोबांची आयडिया भारी आहे ताई. ब्रॅकेटबरोबर पोझिशन गेज (होल जागेवर आहे का बघायचं ते) पण देतो, त्यांनीच घालून बघावं, बसतंय की अडतंय.

स्क्रीनवाला

बाकी ज्ञान वरच्यांनी दिलंय, मी फक्त तो काळ्या स्क्रीनचा आणि डेस्कटॉपचा विषय मिटवतो कारण वाचून हसून हसून मेलो.

शेवटची स्लाइड झाल्यावर जी काळी येते ती पॉवरपॉइंटची सेटिंग आहे, ऑप्शन्समधे अॅडव्हान्स्डला जाऊन खाली स्लाइड शोच्या भागात "एंड विथ ब्लॅक स्लाइड" असतं. ते काढू नका, काढलं तर अजून लवकर उघडे पडाल. सोपा उपाय म्हणजे शेवटच्या स्लाइडच्या तीन चार कॉपी मारून ठेवा. हात थरथरला, डबल क्लिक झालं, तरी समोर तेच दिसतं.

शो चालू असताना की-बोर्डवरचं बी दाबलं की स्क्रीन काळी होते, परत दाबलं की स्लाइड येते. ब्रॅकेट हातात देताना बी दाबा, नाहीतर लोक ब्रॅकेट सोडून स्लाइड वाचत बसतात.

तिसरं सगळ्यात कामाचं. स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं. म्हणजे तुमची शेवटची स्लाइड चौदावी असेल तर हाताच्या तळव्यावर चौदा लिहून ठेवा. त्या मार्चच्या कंप्लेंटची स्लाइड बनवून हाइड करून मागे ठेवा, एकविसावी म्हणा, हाइड केलेली पण नंबर टाकला की उघडते. कोणी विचारलं की एकवीस एंटर, उत्तर दिलं, मग चौदा एंटर. समोरच्याला वाटतं हा माणूस काय तयारीने आलाय.

आणि वॉलपेपर बदला राव. फोटो गोड असेल पण बदला. फुलाचं पण बघा काहीतरी.

खडूस_रिटायर्ड

मी तीस वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलोय, म्हणजे कस्टमरकडून व्हेंडरच्या मीटिंगला जाणारा तो खडूस माणूस मीच. तेव्हा थोडं कडू बोलतो.

थँक यू स्लाइडने कोणाचंही काही बिघडत नाही आणि सुधरत पण नाही. ठेवायची तर ठेव. पण प्रश्नोत्तरं चालू असताना ती वीस मिनिटं भिंतीवर झळकत राहते त्यापेक्षा तुझी मागणी झळकू दे. आभार तोंडाने मान, त्याला स्लाइड कशाला लागते.

तुम्हा लोकांचं खरं दुखणं वेगळंच आहे. तुम्ही सगळं ८डी च्या, म्हणजे कंप्लेंट सोडवायच्या आठ पायऱ्यांच्या क्रमाने सांगता. ठीक आहे, रिपोर्ट तसाच असतो. डी४ ला मूळ कारण, डी५ ला कायमचा उपाय ठरवला, डी६ ला लावून बघितला, डी७ ला परत होऊ नये म्हणून काय केलं, डी८ ला टीमचं कौतुक. आता कागदावर डी८ शेवटी असतं म्हणून व्हेंडर प्रेझेंटेशन पण टीमच्या ग्रुप फोटोवर संपवतो, सगळे सेफ्टी शूज घालून मशीनसमोर उभे. अरे बाबा, तुमच्या टीमचं कौतुक तुम्ही संध्याकाळी वडापाव आणून करा, मला डी७ ऐकायचंय, की हा पार्ट सहा महिन्यांनी परत माझ्या लाइनला अडकणार आहे का नाही. फिक्स्चर हा तुझा कायमचा उपाय, डी५, त्याच्याशिवाय डी७ ला काही अर्थ नाही. पिन बदलत राहणं हा डी३, तात्पुरता बंदोबस्त. तू स्वतःच मलमपट्टी म्हणतोयस, मग हेच शेवटी बोल ना, याच शब्दात.

दुसरं, मार्चची कंप्लेंट हाइड करून ठेवायचा सल्ला वर कोणीतरी दिलाय. लपवू नकोस. तूच आधी काढ, तिसऱ्या चौथ्या मिनिटाला, "मार्चची कंप्लेंट तुमच्या डोक्यात असेल, तिची आजची परिस्थिती ही". मला जे विचारायचं असायचं ते समोरच्याने आधीच सांगितलं की माझी हवाच निघून जायची.

तिसरं, मागितलं की गप्प बस. व्हेंडर लोक मागतात आणि आम्ही तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देतात, "म्हणजे सर, नाही जमलं तरी चालेल, आम्ही बघू काहीतरी". झालं, मग मी कशाला पैसे देऊ. मागायचं, पाणी प्यायचं, आणि समोरच्याकडे बघत राहायचं.

इंग्रजीचं म्हणशील तर शेवटची तीन वाक्यं छोटी ठेव, इतकी छोटी की दमलेल्या इंग्रजीला पण झेपतील. वी नीड टू थिंग्ज. पहिली ही, दुसरी ही. चेन्नईवाल्याला पण कळतं आणि मराठी माणसाला पण. सुंदर इंग्रजी ऐकायला कोणी अंबडला येत नाही.

रिकामटेकडा_कॉलेजरोड

सायकॉलॉजीत याला पीक एंड रूल म्हणतात. डॅनियल कानेमन आणि मंडळींनी १९९३ साली प्रयोग छापला होता, लोकांना एकदा १४ अंशाच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला, आणि एकदा तेच ६० सेकंद वर अजून ३० सेकंद, फक्त त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशापर्यंत नेलं. परत कुठला प्रकार करायला आवडेल विचारलं तर जास्त लोकांनी लांबलेला निवडला, कारण त्याचा शेवट जरा कमी वाईट होता. म्हणजे शेवट चांगला झाला की अख्खं प्रेझेंटेशन चांगलं वाटतं.

खडूस_रिटायर्ड

प्रयोग खरा असेल, पण तो गार पाण्याचा आहे, त्यात कोणी फिक्स्चरचे पैसे मागत नव्हतं. मधले आकडे चुकले असतील तर शेवट कितीही गोड कर, आम्ही आकड्यावरच बसायचो. हां, एवढं मात्र खरं की व्हेंडरची बहुतेक प्रेझेंटेशन्स मला गार पाण्यासारखीच वाटायची.

द्राक्षवाला_दिंडोरी

आमचा विषय वेगळा पण दुखणं तेच भो. आमची शेतकरी कंपनी आहे, द्राक्ष एक्स्पोर्ट करतो, छाटणीच्या आधी गावोगाव मीटिंगा घ्याव्या लागतात, औषधांचे रेसिड्यू, कापणीच्या आधी किती दिवस फवारणी बंद पाहिजे, प्लॉटची नोंदणी, असलं सगळं सांगायला.

मी दोन गोष्टी शिकलो, दोन्ही तोंडावर आपटून. पहिली, वेळ कापली जाते. कायम कापली जाते. आधीचे पाहुणे लांबतात, मग मंडळाचे अध्यक्ष दोन शब्द म्हणून वीस मिनिटं घेतात, आणि मग तुम्हाला चिठ्ठी येते की पाऊण तासाचं दहा मिनिटात उरका, जेवण तयार आहे. त्या वेळी माणूस काय करतो, पंचेचाळीस मिनिटांचं दहा मिनिटात भराभरा बोलतो आणि शेवट तर सांगायचाच राहतो. म्हणून मी शेवटचा भाग असा बनवून ठेवलाय की बाकीचं काहीच नाही सांगितलं तरी तो एकटा उभा राहतो. चिठ्ठी आली की सरळ तिकडे उडी मारतो, मग वेळ उरला तर मागचं सांगतो. कधी उरत नाही.

दुसरी, तारीख आणि वस्तू सांगितल्याशिवाय संपवायचं नाही. आधी मी म्हणायचो "तर सर्वांनी नोंदणी करून सहकार्य करावं ही विनंती". टाळ्या पडायच्या, नोंदणीला चार जण यायचे. आता म्हणतो "सोमवारी सकाळी दहाला सोसायटीच्या ऑफिसात या, सातबारा आणि आधारची झेरॉक्स आणा, मी स्वतः बसलेलो असेन". तेच लोक, तोच मी, पण आता टेबलासमोर रांग लागते. विनंतीला कोणी उठत नाही, सोमवारी दहाला म्हटलं की माणूस मनात हिशोब करतो, सोमवारी मजूर आहेत का, मंगळवारी चालेल का. मंगळवार विचारायला आला म्हणजे आलाच.

जेवणाच्या आधी शेवट असेल तर वासाच्या आधी संपवा. भाजीचा वास आला की मग तुम्ही कोणी पण असा.

सिडको_मास्तर

वासाचा मुद्दा सिलॅबसमधे टाकतो.

पहिली_पाळी

झालं मंडळी गुरुवारचं. सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं डोकं लावलं.

आधी वाईट. पंचवीस मिनिटं ठरली होती, त्यांची गाडी अडकली (पुण्याहून सिन्नरपर्यंत म्हणे मस्त आले आणि मग नाशकात द्वारका चौकात अर्धा तास, नाशिककरांना वेगळं सांगायला नको), त्यामुळे आल्या आल्या म्हणाले पंधरा मिनिटात करा, नंतर शॉप बघायचंय. द्राक्षवाले भाऊ, तुमची आठवण आली. पण घाबरलो नाही कारण शेवट आठ वेळा म्हणून झाला होता, बायकोला पण पाठ झालाय.

खराब ब्रॅकेट फिरवला. गेज दिलं. मार्चचं मीच काढलं चौथ्या मिनिटाला, तर ते मार्चवाले साहेब चक्क म्हणाले "हां हां, वो क्लोज है" आणि मोबाइल बघायला लागले. मागच्या वेळी पंधरा मिनिटं खाल्ली होती त्यांनी.

प्रश्न दहाव्या मिनिटाला घेतले, तीनच आले. चेन्नईच्या साहेबांनी पिनच्या हार्डनेसचं विचारलं, ते मला तोंडपाठ नव्हतं, आमच्या टूलरूमवाल्याला हाक मारली, त्याने सांगितलं. मग चांगला ब्रॅकेट दिला, मुद्दाम त्यांनाच. त्यांनी गेजवर घातला, काढला, परत घातला. तेवढ्यात मी बी दाबायला गेलो आणि दाबलं गेलं व्ही, काहीच झालं नाही, असू दे.

मग शेवट. "ही पिन बदलत राहणं म्हणजे मलमपट्टी आहे, वी नीड टू थिंग्ज", मलमपट्टी मराठीतच बोललो, इंग्रजी शब्द सुचलाच नाही, पण मराठीवाले हसले आणि त्यांनीच चेन्नईवाल्यांना समजावून सांगितलं. ट्रायल लॉट सोमवारपासून आणि फिक्स्चरचा निम्मा खर्च, असं बोललो आणि पाण्याचा ग्लास उचलला. खडूस काका, तुम्ही म्हणालात गप्प बस, पण ते किती अवघड असतं हे नाही सांगितलंत. ग्लास रिकामा झाला तरी कोणी बोलेना. आमचे साहेब मधे तोंड घालणार होते, मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला (चुकून ठेवला असं नंतर सांगितलंय). मग त्यांचे सिनियर म्हणाले ट्रायल लॉट करून टाका, सोमवार चालेल. फिक्स्चरचं पर्चेसवाल्या मॅडम म्हणाल्या की तीन कोटेशन्ससकट मला मेल करा, बघते.

म्हणजे अर्धं झालं. अर्धं हवेत आहे. गुलाबाचं फूल मात्र काढलं, कोणाच्या लक्षात पण आलं नाही.

गोदाकाठची

अरे वा! ब्रॅकेट परत त्याच साहेबांना दिलात ना, आजोबा खूश झाले असते.

खडूस_रिटायर्ड

मेल केला का?

पहिली_पाळी

दोन कोटेशन आलीत काका, तिसरा सातपूरवाला फोन उचलत नाहीये.

खडूस_रिटायर्ड

आज शनिवार आहे. दोन कोटेशन लावून आजच पाठव, तिसरं सोमवारी देतो म्हणून लिही. आणि खाली तारीख टाक.

पहिली_पाळी

बसलो लॅपटॉप घेऊन.